एका कुटुंबाचं एक मत

न्यूयॉर्क स्टेटच्या थ्रूवेवर एक्झिट ४१ जवळ आलं की आपल्यापैकी बहुतेकांची गाडी आपोआप वॉटर्लूच्या आउटलेट मॉलकडे वळते. भारतातून पाहुणे आले की आधी नायगारा, मग हा मॉल, आणि पुढच्या शनिवारी बुटांचा साइज चुकला म्हणून पुन्हा हाच मॉल. तिथून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर सेनेका फॉल्स नावाचं गाव आहे. मला ते माहीत होतं ते निव्वळ पंपांमुळे. आमच्या धंद्यातल्या माणसाला गूल्ड्स हे नाव किर्लोस्करांइतकंच ओळखीचं. ही कंपनी १८४८ साली याच गावात सुरू झाली आणि सबंध धातूचा पंप तिने पहिल्यांदा ओतला तो पुढच्या वर्षी. नदीला धबधबा, धबधब्यावर गिरण्या, गिरण्यांच्या मागोमाग ओतशाळा, असं ते कष्टाळू कारखानदार गाव.

आमच्या कंपनीने मला तिकडे दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी धबधबा शोधायला बाहेर पडलो. धबधबा काही सापडला नाही. कालव्याच्या कामात तो १९१५ च्या सुमारास पाण्याखालीच गेला आणि तिथे आता एक संथ तळं आहे, हे मागाहून कळलं. सापडलं ते मेन रोडवरचं एक साधं विटांचं चॅपल आणि त्याच्याशेजारी शंभर फूट लांबीची एक दगडी भिंत. भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा सतत वाहत होता. खरं सांगतो, मी आधी पंप कुठे बसवलाय ते पाहिलं. मग लक्षात आलं की पाण्याखाली अक्षरं कोरलेली आहेत, आणि अक्षरांत माणसांची नावं आहेत. एकूण शंभर. अडुसष्ट बायका, बत्तीस पुरुष.

हे वेस्लियन चॅपल. अमेरिकेत बायकांच्या हक्कांसाठी पहिली परिषद भरली ती इथे, १९ आणि २० जुलै १८४८ रोजी. एवढी मोठी घटना, पण गावाने इमारत काही जपली नव्हती. चॅपल गेल्यावर तिथे नाटकगृह झालं, मोटारींचं दुकान झालं आणि शेवटी शेवटी तर चक्क लाँड्रोमॅट होतं. पंचवीस सेंटची नाणी टाकून लोक तिथे कपडे धुवत होते. १९८० मध्ये नॅशनल पार्क झालं, मग इमारत ताब्यात घेतली, आणि मूळच्या उरलेल्या भिंती धरून अलीकडे ती पुन्हा उभी केली.

परिषदेची कल्पना निघाली चहावर. ९ जुलैला वॉटर्लूमध्ये (हो, तेच मॉलचं वॉटर्लू) जेन हंट नावाच्या बाईंच्या घरी पाच जणी जमल्या होत्या. फिलाडेल्फियाहून आलेल्या ल्युक्रिशिया मॉट, त्यांची बहीण मार्था राइट, मेरी अॅन मॅक्लिंटॉक, स्वतः यजमानीण, आणि सेनेका फॉल्सला राहणारी एलिझाबेथ केडी स्टँटन. मॉटबाई पंचावन्न वर्षांच्या, क्वेकर पंथातल्या नामांकित वक्त्या. स्टँटन बत्तीस वर्षांची, पदरी तीन मुलगे. बॉस्टनसारख्या शहरातून या गावात येऊन तिला वर्ष झालं होतं. नवरा कामानिमित्त सारखा फिरतीवर, नोकर टिकत नाहीत, मुलं आलटून पालटून आजारी. त्या दिवशी चहा पिता पिता तिच्या मनातलं सगळं बाहेर पडलं. (नवरा ऑन-साइट आणि बर्फात मुलांना घेऊन एकटी बायको, हे चित्र आपल्याकडच्या किती घरांना नवीन आहे?)

मॉट आणि स्टँटन यांची ओळख आठ वर्षांपूर्वीची, लंडनची. १८४० मध्ये तिथे गुलामगिरीविरुद्ध जागतिक परिषद भरली होती. मॉटबाई रीतसर प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या, स्टँटन नवऱ्याबरोबर मधुचंद्राला. गुलामांच्या मुक्तीसाठी जमलेल्या त्या थोर मंडळींनी पहिला वेळ घालवला तो बायकांना प्रतिनिधी म्हणून बसू द्यावं की नाही यावर, आणि शेवटी ठरवलं की नाही. बायकांना बाजूला, वेगळं बसून नुसतं ऐकावं लागलं. आपण परत गेल्यावर बायकांची परिषद घ्यायची असं दोघींनी तेव्हाच ठरवलं होतं म्हणतात. पण मुलंबाळं, घर, अंतर. आठ वर्षं गेली.

आता मात्र त्यांनी उशीर केला नाही. चहाच्या टेबलावरच वर्तमानपत्रासाठी नोटीस लिहिली, ती त्याच आठवड्यात स्थानिक पेपरात छापून आली आणि दहा दिवसांत परिषद. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा माणूस म्हणून सांगतो, आमच्याकडे दहा दिवसांत मीटिंगची तारीखसुद्धा ठरत नाही. जाहीरनामा कसा लिहायचा हे सुचेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामाच समोर घेतला. त्यात इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे. या बायकांनी राजाच्या जागी पुरुष घातला आणि वसाहतींच्या जितक्या तक्रारी होत्या तितक्याच आपल्याही शोधून काढल्या. फारसं शोधावं लागलं नसणार. लग्न झालं की कायद्याच्या दृष्टीने बाई संपलीच. तिचा पगार नवऱ्याचा, मुलांचा ताबा नवऱ्याचा, कॉलेजं बंद, बहुतेक धंदे बंद. मिळकतीच्या बाबतीत मात्र न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये कायदा करून विवाहित बाईला आपली मालमत्ता आपल्या नावावर ठेवायची मुभा दिली होती. त्यामागे बायकांच्या कळवळ्याइतकीच श्रीमंत सासऱ्यांची काळजी होती, जावई उधळ्या निघाला तर काय, ही.

म्हणजे इस्टेटीबद्दल बोलणं एव्हाना सभ्य झालं होतं. शिक्षण, नोकरी, धर्मातलं स्थान, यांबद्दलही समंजस माणसं ऐकून घेत होती. स्टँटनने ठरावांच्या यादीत आणखी एक ठराव घातला, की मतदानाचा पवित्र हक्क मिळवणं हे या देशातल्या बायकांचं कर्तव्य आहे. आणि इथे तिचीच माणसं अडली. मॉटबाईंना वाटलं, याने आपलं हसं होईल. शिवाय क्वेकर मंडळींत अनेकांचा मतदानावरच विश्वास नव्हता. जे सरकार गुलामगिरी चालवतं आणि लढाया करतं, त्याला मत तरी कशाला द्यायचं? त्यांच्यातले पुष्कळ पुरुषही मत देत नसत. आणि नवरा, हेन्री स्टँटन. हा काही जुन्या वळणाचा माणूस नव्हे. गुलामगिरीविरुद्ध भाषणं देऊन लोकांचा मार खाल्लेला सुधारक होता. पण हा ठराव मांडणार असशील तर मी गावात थांबत नाही, असं तो म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. परिषदेच्या दोन दिवसांत तो गावात नव्हता, हे खरं.

माहितीकेंद्रात हे वाचताना मला घाम फुटला, कारण हा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

त्याचं असं झालं. २०११ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा मिडवेस्टमधल्या एका गावी होतो आणि तिथल्या मराठी मंडळाचा मी खजिनदार होतो. गाव आणि मंडळ कुठलं ते विचारू नका. माणसं फार चांगली होती, अजूनही दिवाळीला फोन येतात. मंडळाच्या घटनेत लिहिलं होतं, फॅमिली मेंबरशिप चाळीस डॉलर, एका कुटुंबाला एक मत. वार्षिक सभेला दारात टेबल मांडून मी बसायचो आणि पावती बघून 'श्री. व सौ.' अमुक असं लिहिलेली एकच मतपत्रिका द्यायचो. ती कोणाच्या हातात जायची हे सांगायला नको. सौ. त्या वेळी बहुधा आत बटाटेवडे तळत असत.

त्या वर्षी माझ्या बायकोने गणपतीला दीडशे माणसांचा स्वयंपाक अंगावर घेतला होता. सभेत ती उठली आणि शांतपणे विचारलं, "एका घराला एकच मत का? मला कमिटीवर एक जण हवा आहे आणि ह्याला दुसरा. मग काय करायचं?" हशा पिकला. एक काका म्हणाले, "अगं, मंडळाने आता घराघरांत भांडणं लावायची का?" दुसऱ्याने मुद्दा काढला, दोन मतं हवीत तर वर्गणीही दोन. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, खजिनदार म्हणून आणि नवरा म्हणूनही. मी म्हणालो, "मुद्दा चांगला आहे. पुढच्या वर्षी घटनादुरुस्तीच्या वेळी बघू." मिनिट्समध्ये तसं लिहिलंही. घरी जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "तू विरोध केला असतास तरी चाललं असतं."

हेन्री स्टँटन निदान गाव सोडून गेला. मी तिथेच बसून होतो.

असो. १९ जुलैला सकाळी मंडळी चॅपलपाशी पोचली तर दाराला कुलूप! किल्ली कोणाकडे, पत्ता नाही. शेवटी एका तरुणाला खिडकीतून आत चढवलं आणि कडी काढली. (आपल्या कार्यक्रमांना शाळेचा हॉल उघडून घेताना ज्यांची धावपळ झाली आहे, त्यांनी धीर सोडू नये.) पहिला दिवस फक्त बायकांसाठी होता, पण चाळीसेक पुरुष आलेच, तेव्हा गप्प बसायच्या अटीवर त्यांना आत घेतलं. दोन दिवसांत मिळून तीनशेच्या आसपास माणसं आली असावीत. आणि अध्यक्षस्थानी? मॉटबाईंचे यजमान, जेम्स मॉट. बाईने सभेचं अध्यक्षपद घ्यायचं धाडस या बायकांना स्वतःलाच होत नव्हतं. दोनच आठवड्यांनी, २ ऑगस्टला, आमच्या रॉचेस्टरला पुढची सभा झाली. तिथे अॅबिगेल बुश नावाच्या बाईंना अध्यक्ष करायचं ठरलं तर विरोध कोणी करावा? मॉट आणि स्टँटन यांनी! सभा बिघडेल, ही भीती. बुशबाईंनी सभा व्यवस्थित चालवली आणि स्टँटनने मागाहून आपली चूक कबूल केली. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार आवडते.

बाकीचे ठराव एकमताने पास झाले. मतदानाचा ठराव मात्र पडतो की काय अशी अवस्था झाली. तेव्हा उभा राहिला फ्रेडरिक डग्लस. दहा वर्षांपूर्वी गुलामगिरीतून पळून आलेला, आता रॉचेस्टरहून 'नॉर्थ स्टार' नावाचं वर्तमानपत्र काढणारा. त्या सभेला हजर असलेला ज्ञात असा एकमेव काळा माणूस. न्यूयॉर्क राज्यात त्या वेळी काळ्या पुरुषाला मत होतं, पण अडीचशे डॉलरची मालमत्ता असेल तरच. गोऱ्याला अशी अट नव्हती. त्यामुळे मत म्हणजे काय हे डग्लसला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. राजकारणातलं हे हत्यार हातात नसेल तर बाकीचे हक्क मेहेरबानीवर राहतात, अशा अर्थाचं तो बोलला, आणि ठराव थोडक्यात तरला. परिषदेचा अहवालही त्याच्याच छापखान्यात छापला गेला. पुढे पेपरांतून जी टिंगल झाली, ती बघून सही केलेल्यांपैकी काहींनी आपली नावं मागे घेतली.

सुझन अँथनी या परिषदेला नव्हतीच. तिचे आई-वडील आणि बहीण रॉचेस्टरच्या सभेला गेले होते, ती त्या वेळी दुसरीकडे शाळेत शिकवत होती. स्टँटनची आणि तिची भेट १८५१ सालची, सेनेका फॉल्सच्या रस्त्यावर. तिथे आता त्या भेटीचा पुतळा आहे. स्टँटनला पुढे एकूण सात मुलं झाली. अँथनी अविवाहित. तेव्हा अशी व्यवस्था बसली की स्टँटनने घरी बसून भाषण लिहायचं, तोवर अँथनीने पोरं सांभाळायची आणि चुलीवरचं पुडिंग ढवळायचं, आणि मग लिहिलेलं भाषण घेऊन गावोगाव जायचं. पन्नास वर्षं ही जोडी टिकली.

१८७२ च्या नोव्हेंबरमध्ये अँथनी रॉचेस्टरच्या आपल्या वॉर्डात, एका न्हाव्याच्या दुकानात मतदार नोंदणी चालली होती, तिथे बहिणींना घेऊन गेली. घटनेची चौदावी दुरुस्ती मोठ्याने वाचून दाखवली आणि नोंदणी करणाऱ्या पोरांना सांगितलं की आम्ही नागरिक आहोत, नाव लिहून घ्या, नाहीतर मी तुमच्यावर दावा लावीन. त्यांनी घेतलं. ५ नोव्हेंबरला तिने आणि त्या वॉर्डातल्या आणखी चौदा जणींनी मत दिलं. दोन आठवड्यांनी मार्शल घरी पकडायला आला. तो बिचारा संकोचून उभा, आणि ही म्हणते, पुरुषाला नेता तसंच मला रीतसर न्या. ट्रॅममध्ये कंडक्टरने पैसे मागितले तर मार्शलकडे बोट दाखवून म्हणाली, मी सरकारी खर्चाने प्रवास करते आहे.

खटला उभा राहीपर्यंत तिने मन्रो काउंटीच्या सगळ्या एकोणतीस ठिकाणी भाषणं दिली. एवढ्या प्रचारानंतर इथे ज्युरी कशी मिळणार, म्हणून खटला शेजारच्या काउंटीत, कॅनन्डेग्वाला हलवला. तर हिने तिथेही एकवीस भाषणं केली. जून १८७३ मध्ये न्यायाधीश वॉर्ड हंट यांनी तिला साक्ष देऊ दिली नाही आणि ज्युरीला विचार करायला वेळच न देता दोषी ठरवायला सांगितलं. दंड शंभर डॉलर. तो तिने कधीच भरला नाही. आणि भरला नाही म्हणून तिला तुरुंगात टाकलंही नाही, कारण टाकलं असतं तर तिला वर दाद मागता आली असती. तुरुंगात गेले ते तिचं मत घेणारे निवडणूक अधिकारी. त्यांना शेवटी राष्ट्राध्यक्ष ग्रँटने माफी दिली.

योगायोग असा की त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलेलं. आणि १८४८ साली, इथे चॅपलचं कुलूप खिडकीतून उघडलं जात होतं त्याच वर्षी, भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली होती. दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पुढे १८८६ ते १८८८ पंडिता रमाबाई इथे येऊन राहिल्या आणि परत गेल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेवर त्यांनी मराठीत जो ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या बायकांच्या स्थितीवर मोठं प्रकरण आहे. लढाई तेव्हा निम्म्यावर आली होती. अमेरिकेत येऊन प्रवासवर्णन लिहिणाऱ्या आम्हा हौशी लेखकांच्या पणज्या शोभाव्यात अशा त्या बाई, आणि त्यांनी नायगाऱ्याच्या पलीकडे पुष्कळ पाहिलं.

एक गोष्ट मात्र गिळून टाकू नये. यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मत देणारी पंधरावी दुरुस्ती आली तेव्हा स्टँटन आणि अँथनी विरोधात गेल्या. आम्हा शिकलेल्या गोऱ्या बायकांच्या आधी हे कसे, हा राग. स्टँटनने त्या वेळी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. तिच्या यादीत काळे होते तसे नुकतेच बोटीतून उतरलेले आयरिश, जर्मन आणि चिनीही होते. म्हणजे तुम्ही-आम्हीच. ज्या डग्लसने तिचा ठराव वाचवला, त्याच्याशीही त्यावरून भांडण झालं. १९२० ची दुरुस्ती आल्यावरही दक्षिणेतल्या काळ्या बायकांना खऱ्या अर्थाने मत मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला. पाण्याच्या भिंतीवर हे कोरलेलं नाही.

न्यूयॉर्क राज्याने १९१७ मध्ये बायकांना मत दिलं. सबंध देशात ते ऑगस्ट १९२० मध्ये मिळालं, टेनेसीच्या विधानसभेत अगदी काठावर. तिथला चोवीस वर्षांचा हॅरी बर्न विरोधी गटाचं लाल गुलाब लावून बसला होता, पण खिशात आईचं पत्र होतं. त्याने बाजू बदलली. स्टँटन १९०२ मध्ये आणि अँथनी १९०६ मध्ये गेली होती. भिंतीवरच्या शंभर नावांपैकी एकच बाई तेव्हा हयात होती, शार्लट वुडवर्ड. १८४८ मध्ये ती घरी बसून हातमोजे शिवणारी पोर होती आणि मिळालेल्या मजुरीवर तिचा हक्क नव्हता. बहात्तर वर्षांनी मत आलं, तर ती आजारपणामुळे मतदानाला जाऊ शकली नाही.

दुसऱ्यांदा मी सेनेका फॉल्सला गेलो तो बायको आणि मुलीला घेऊन. बायको त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं, जाहीरनामा वाचते आहे. पण ती नावं वाचत होती. म्हणाली, "ही सगळी स्वतःची नावं आहेत रे. कोणाची बायको, कोणाची सून असं नाही." तेव्हा मला आपल्या पहिल्या निवडणुकीचं आठवलं. १९५१-५२ मध्ये सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं मतदार यादीतून गाळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं. बहुतेक उत्तरेकडच्या. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "आणि श्री. व सौ.?"

त्या जुन्या मंडळाने घटना बदलली, २०१६ मध्ये. आता फॅमिली मेंबरशिपला दोन मतं आहेत आणि वर्गणी पूर्वीइतकीच, म्हणजे महागाईने वाढली तेवढीच. ठराव कोणी मांडला ते मला माहीत नाही, आम्ही तोवर रॉचेस्टरला आलो होतो. मी अभिनंदनाचा ईमेल पाठवला. त्यात २०११ च्या मिनिट्सचा उल्लेख करायला हवा होता, तो केला नाही. म्हणून इथे करतो आहे.

आम्ही दोघं २०१९ मध्ये नागरिक झालो. निर्णय सोपा नव्हता, निळा पासपोर्ट परत करताना माझा हात अडखळला. पण तिची कारणं स्पष्ट होती. शाळेच्या बजेटवर मतदान असतं, आणि आपण टॅक्स भरून गप्प बसतो, हे तिला खपत नव्हतं. निवडणुकीच्या दिवशी रॉचेस्टरचे लोक माउंट होप स्मशानभूमीत अँथनीच्या थडग्यावर मत दिल्याचे स्टिकर चिकटवायला जातात. इतके स्टिकर, की दगड खराब होऊ नये म्हणून २०२० मध्ये त्याला प्लॅस्टिकचं आवरण घालावं लागलं. आम्हीही त्या वर्षी गेलो. ओळ मोठी, थंडी मरणाची, मुलगी कुरकुरत होती.

त्याआधी सकाळी शाळेच्या जिममध्ये मत दिलं. दोघांची वेगळी सही, वेगळी मतपत्रिका. पेनने गोल काळा करायचा आणि कागद मशीनमध्ये सरकवायचा. बाहेर आल्यावर मी सहज विचारलं, "काउंटीच्या जागेसाठी कोणाला दिलंस?"

"तुला कशाला सांगू?" ती म्हणाली.

अजून सांगितलेलं नाही.